विसरलेल्या वस्तूंचं टेबल

"काही विसरलं तर नाही ना, साहेब?"

वेटरने हा प्रश्न लागोपाठ तिसऱ्या रविवारी विचारला, तेव्हा काटेसाहेबांचा पारा चढला. तरी त्यांनी खिसे चाचपले. चष्मा नाकावर होता, छत्री हातात होती, रुमाल, किल्ल्या, पाकीट सगळं जागच्या जागी होतं. बायको नव्हती, पण तिला ते विसरून आले नव्हते. ती हिवाळ्यातच गेली होती.

"मी विसरत नाही," ते म्हणाले. "विसरायचं खातं आमच्या मंडळींकडे होतं."

"हो ना," वेटर म्हणाला आणि टेबल पुसायला लागला. ते आधीच पुसलेलं होतं.

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापं तपासायच्या खात्यात ते निरीक्षक होते, आणि दुकानदारांनी पाठीमागे ठेवलेलं हे नाव असं काही चिकटलं, की घराच्या दारावर खऱ्या नावाची पाटी पाहून पोस्टमनच परत जायचा. उभ्या नोकरीत त्यांनी कोणाचा फुकटचा चहा घेतला नाही. एकदा ठसका लागला म्हणून एका दुकानदाराने त्यांच्या हातावर खडीसाखरेचा खडा ठेवला. साहेबांनी तो त्याच्याच काट्यावर तोलला, त्याचे पैसे दिले, आणि काटा चुकीचा दाखवतो म्हणून त्याला दंड केला. ठसका तसाच राहिला.

जो घेत नाही तो देतही नाही, असं त्यांचं सरळ गणित होतं. त्यामुळे दर रविवारी दुपारी या हॉटेलात जेवण झालं, बिल आलं, की टिप या विषयावर त्यांचं प्रवचन व्हायचं. श्रोता एकच, तोही लग्नाचा.

"पगार मालक देतो. किलोभर साखर घेतल्यावर आपण दुकानदाराला वर चिमूटभर परत देतो का?"

"अहो, तो माणूस आहे. साखर नाही."

"टिप म्हणजे हसतमुखाने दिलेली लाच. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बरं."

बायकोच्या "बरं"मध्ये किती माल भरलेला असतो, हे तोलायचं यंत्र खात्याकडे नव्हतं.

गंमत म्हणजे, एक पैसा वर न देता त्यांची बडदास्त जावयासारखी होती. खिडकीजवळचं टेबल राखून ठेवलेलं असायचं. सूप जीभ भाजेल इतकं गरम. त्यांचा एक दात हलायला लागला, तर पुढच्याच रविवारी पावाच्या कडा कापून आल्या. आपण हे कोणाला बोललो होतो, असा प्रश्न साहेबांना पडला नाही. "माणूस ताठ असला की लोक आपोआप मान देतात," ते बायकोला म्हणाले. "बघ. टिप न देता."

"बघते आहे," ती म्हणाली होती.

तिचा दोष एकच, विसरभोळेपणा. बाहेर पडून हॉटेलच्या पाटीखाली आलं, की तिला आठवायचं. "अगं बाई, माझा रुमाल." कधी चष्म्याचं घर, कधी पिशवी, एकदा तर एकच चप्पल. मग ती परत आत जायची, आणि साहेब पाटीखाली घड्याळ बघत उभे राहायचे. ती आली की विचारायचे, "सापडलं?" ती म्हणायची, "सापडलं." की चालायला लागायचे.

शेवटी त्यांनी तिला स्मृतीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणायला लावले, सासरच्या माणसांची नावं विचारली. तिला सगळं येत होतं. साहेबांच्या मेलेल्या आत्याचं सासरचं आडनावसुद्धा तिनेच सांगितलं, ते साहेबांना आठवेना. डॉक्टरने चष्मा काढून विचारलं, "यांना विसर नेमका कधी पडतो?"

"रविवारी," साहेब म्हणाले. "जेवणानंतर."

डॉक्टरने खूप विचार केला आणि गोळ्या लिहून दिल्या. त्या जहरासारख्या कडू होत्या. पुढे ती असेपर्यंत रोज सकाळी साहेबांच्या देखत एक गोळी घ्यायची, वर साखर चघळायची. रविवारी छत्री विसरायची.

आता घरी कोणी काही विसरत नव्हतं. ठेवलेली वस्तू ठेवलेल्या जागी दिवसेंदिवस राहायची. साहेबांना आयुष्यभर हेच हवं होतं, आणि ते मिळाल्यावर त्यांना संध्याकाळी टेबलावरची कात्री उगाच दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायची सवय लागली. आठवडाभरात त्यांच्याशी बोलणारा माणूस म्हणजे हा वेटर. तोही मोजकंच. "सूप आणू?" आणि "काही विसरलं तर नाही ना?" त्यातला दुसरा प्रश्न खोचक असेल, तर हे हॉटेल सोडावं लागणार होतं. दुसऱ्या हॉटेलात त्यांना सूप कसं आवडतं हे पहिल्यापासून सांगायला लागलं असतं, आणि सांगायची सवय त्यांना नव्हती.

म्हणून चौथ्या रविवारी त्यांनी सोक्षमोक्ष लावायचा ठरवला.

"हे बघा," ते म्हणाले, "तुम्ही दर वेळी विचारता ते टिपेसाठी विचारता का? तसं असेल तर सरळ सांगा. माझं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे."

वेटर गोरामोरा झाला. "नाही हो साहेब. टिप ताई द्यायच्या की."

"कोण ताई?"

"आपल्या ताई. परत यायच्या ना, विसरलेलं न्यायला."

साहेबांनी चमचा खाली ठेवला. खिडकीबाहेर पाटी दिसत होती. पाटीखालची जागा रिकामी होती.

"दर वेळी?" त्यांनी विचारलं.

"एकदा टिप देऊन जाताना चुकून खरंच पाकीट विसरल्या होत्या. तेव्हा दोनदा यावं लागलं त्यांना." वेटर हसला, मग हसणं आवरलं. "पण पैशाचं नाही सांगत मी. त्या दोन मिनिटं बसायच्या इथे. माझ्या बायकोच्या गुडघ्याचं विचारायच्या, मुलीच्या परीक्षेचं विचारायच्या. तुमच्या दाताचं त्यांनीच सांगितलं होतं. म्हणायच्या, आमचे हे मनाने वाईट नाहीत हो, फक्त सारखे काट्यावर उभे असतात."

"अजून काय म्हणायच्या?"

"म्हणायच्या, दोन मिनिटं बोललं की आठवडा जातो."

सूप त्यांच्यासमोर निवलं. उभ्या नोकरीत त्यांना एकाही दुकानदाराने असं खुलेआम फसवलं नव्हतं, आणि इथे तर फसवणाऱ्या माणसाला त्यांनी स्वतः समोर उभं राहून गोळ्याही चारल्या होत्या.

"मग मला का विचारायचात?"

"सवय," वेटर म्हणाला. "वाटायचं, काही राहिलं असेल तर तुम्ही परत याल."

साहेबांनी बिल चुकतं केलं, अगदी नेमकं. मग चष्म्याचं घर खिशातून काढून टेबलावर ठेवलं. ते त्यांनी खात्यात प्रमाणित वजन ठेवावं तसं सावकाश आणि सरळ ठेवलं. वेटरने भिंतीकडे बघितलं. विसरणाऱ्या माणसाकडे बघू नये, एवढं त्याला इतक्या वर्षांत कळत होतं.

साहेब बाहेर गेले. पाटीखाली पोचले. "अरेच्चा," ते कोणालाच ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले आणि परत फिरले.

चष्म्याचं घर जिथल्या तिथे होतं. त्यांनी ते उचललं, त्याच्या जागी नोट ठेवली, आणि खुर्चीच्या टोकावर बसले. वेटर वाट बघत उभा होता.

"गुडघा कसा आहे?" साहेबांनी विचारलं.

"बायकोचा?"

"तुमचा मी कशाला विचारू?"

"बरा आहे. जिने चढताना दुखतो."

"जिने वाईटच," साहेब म्हणाले. मग दोघं मिळून थोडा वेळ जिन्यांचा विचार करत राहिले.

साहेब बाहेर आले. पाटीखाली, ते इतकी वर्षं घड्याळ बघत उभे राहायचे त्या जागी, थांबले. तिथे कोणी नव्हतं, कोणी काही विचारलं नाही.

"सापडलं," ते म्हणाले, आणि चालायला लागले.