बाबांचं प्रात्यक्षिक

मुलीने बाबांच्या कॉलरला माइक अडकवला, एकदा ओढून पाहिला आणि म्हणाली, "नेहमीसारखंच बोल हं. घाबरू नकोस."

बाबांनी नुसती मान हलवली. तिने कानात बसवलेलं इअरफोनचं बोंड टोचत होतं.

सभागृह खच्चून भरलं होतं. शाळेतल्या मुलांनी बनवलेल्या ॲप्सची ही अंतिम फेरी. शेकड्यांनी आलेल्या मुलांतून सहा उरली होती, त्यांत ही नववीतली पोर. जिंकली तर मोठ्या संस्थेत दोन वर्षं शिकायला जागा मिळणार होती, आणि तिला सहा महिने दुसरं काही सुचत नव्हतं. तिचं ॲप तोतऱ्या माणसांसाठी होतं. बोलणारा अडखळला की पडद्यावर लाल ठिपका उमटायचा आणि कानात संथ ठोका वाजायचा. त्या ठोक्याला धरून अडलेला शब्द सोडवायचा. नमुना म्हणून माणूस शोधायला जावं लागलं नाही, घरातच होता.

बाबा पुस्तकं बांधायचे. या धंद्यात बोलायचं काम फारसं पडत नाही, म्हणून तर तो पत्करलेला. बाजारात त्यांना मौनीबाबा म्हणत. बायको म्हणायची, "यांचं वाक्य संपेपर्यंत माझा चहा निवतो." बाबाही हसायचे. जन्मभर हसण्यावारी नेलं, तरी लागायचं ते लागायचंच.

मग लेकीने दोन महिने रोज संध्याकाळी त्यांना समोर बसवून वाचायला लावलं. बांधायला आलेलं जे हाताला लागेल ते पुस्तक. तिचं लक्ष फोनकडे असायचं, पण ती मध्ये तोंड घालायची नाही, पुढचा शब्द पुरवायची नाही. असं त्यांचं आजवर कुणी ऐकलंच नव्हतं. हे ॲप कधी पुरं होऊच नये, असं बाबांना वाटायचं.

एके दिवशी ती म्हणाली, "रेकॉर्डिंग भरपूर झालं, उद्यापासून सुट्टी तुला." आणि ती रंग, बटणं, भाषण यांच्या मागे लागली. बाबा मात्र दुकानाचं शटर अर्धं ओढून एकटेच वाचत राहिले. महिनाभर. स्वतःचीच लाज वाटायची, पण जीभ मोकळी होत चालली होती. घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. म्हटलं, त्या दिवशीच कळू दे पोरीला.

"आता माझे बाबा स्वतःची ओळख करून देतील," मुलगी म्हणाली. "लाल ठिपक्यांकडे लक्ष ठेवा."

बाबा पुढे झाले.

"नमस्कार. मी पुस्तकं बांधतो. पंचवीस वर्षं झाली या कामाला. माझी मुलगी लहान असताना दुकानातल्या कागदांच्या ढिगावरच झोपायची."

एकही शब्द अडला नाही. दोनशे माणसांसमोर, आणि इतकं घडाघडा! बाबांचा ऊर भरून आला. त्यांनी हसून लेकीकडे पाहिलं.

ती पडद्याकडे बघत होती. पडदा पांढराफटक होता.

परीक्षक बाईंनी विचारलं, "ॲप सुरू आहे ना?"

"आहे, मॅडम. एक मिनिट."

"यांना कुठे काय झालंय?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि चार-पाच जण खुसखुसले.

माइक नीट करायच्या निमित्ताने मुलगी जवळ आली. माइक मुठीत झाकून धरला. डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

"काय करतोयस तू? अडखळ ना, बाबा. प्लीज."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. बापाची जीभ मोकळी झाली, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. की आलं होतं, पण आत्ता ते तिला नको होतं, कोण जाणे. ती मागे सरली. बाबांनी घसा खाकरला.

"माझ्या मु... मु... मुलीने," ते म्हणाले, आणि लाल ठिपका उमटला. "हे ॲ... ॲप..." दुसरा उमटला. मुलीचा चेहरा उजळला, तसा बाबांनी तिसराही देऊन टाकला. जन्मभराचा सराव होता, नक्कल करणं काय अवघड! टाळ्या पडू लागल्या. परीक्षक बाई पुढे वाकून भराभर लिहू लागल्या.

आता फक्त धन्यवाद म्हणून खाली उतरायचं होतं. बाबांनी तोंड उघडलं.

"ध... ध..."

हे त्यांनी मुद्दाम केलेलं नव्हतं. कानात ठोका वाजत होता, त्याला धरायला गेले तर तोही हातचा सुटला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम फुटला. पडद्यावर ठिपक्यांची रांग लागली. टाळ्या वाढतच गेल्या.

मुलगी हसत जवळ आली आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणाली, "बास रे बाबा, जमलं. आता नीट बोल."