फोटोंच्या पाठीवर काय लिहिलं होतं

मित्रांनो, मी एक जुना फोटोंचा अल्बम आहे. निळ्या कापडाचं वेष्टण, आत जाड बदामी पानं. स्वभावानं मी भोचक आहे, हे आधीच कबूल करतो. पण आपल्या पोटात काय आहे हे जाणून घ्यावंसं कुणाला वाटणार नाही?

बाइंडिंगच्या कारखान्यात तयार होऊन मी दुकानाच्या काचेआड दोन वर्षं उन्हं खाल्ली. मग पंधरा वर्षांच्या एका मुलीनं मला घरी नेलं. घरात सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. तिचे आजोबा नुकतेच वारले होते आणि त्यांच्या टेबलाच्या खणात चाळीस सुटे फोटो सापडले होते. ते हरवू नयेत म्हणून ताईनं एका दुपारी वाटीभर डिंक घेतला आणि सगळे माझ्यात चिकटवून टाकले. नुसते कोपरे नव्हेत, पाठभर डिंक! घरच्यांनी तिची पाठ थोपटली. मीही फुशारलो.

फक्त चिकटवण्याआधी तिनं एकही फोटो उलटून पाहिला नाही.

मी मात्र पाहिलं. फोटोंचे चेहरे तुमच्याकडे आणि पाठी माझ्याकडे. प्रत्येक पाठीवर आजोबांच्या बारीक अक्षरात शाईनं काहीतरी लिहिलेलं होतं, ते मी हावरटासारखं वाचून काढलं. पुढे पाहुणे यायचे, एखाद्या मिशीवाल्यावर बोट ठेवायचे आणि हा मामा की मावसा यावरून तास तास वाद घालायचे. मला उत्तर ठाऊक असायचं, पण सांगणार कसा? हळूहळू पाहुणे कमी झाले. माझी रवानगी कपाटावर, बॅगांच्या ढिगाखाली झाली. तिथं मी पंचवीसेक वर्षं धूळ खात पडलो. आपलं कुणाला काही कुतूहलच उरलं नाही, याचं फार वाईट वाटायचं.

ताई नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झाली आणि तिनं नवाच नकाशा काढायला घेतला, आपल्या कुळाचा. भिंतीएवढा कागद, त्यावर चौकटी, चौकटींना जोडणाऱ्या रेघा. पत्रं लिही, नोंदणी कार्यालयात जा, म्हाताऱ्या नातेवाइकांना फोन कर, असं तिचं दिवसभर चाललेलं असायचं. एक चौकट मात्र भरेना. ती होती तिच्या काकांच्या आईची.

हे काका म्हणजे ताईच्या वडिलांचे सावत्र भाऊ, वय अठ्ठ्याऐंशी. आई गेली तेव्हा ते दोन वर्षांचे होते. आजोबांचं दुसरं लग्न झालं आणि घरात पहिलीचा विषय निघेनासा झाला. नोंदणीचं त्या वर्षांचं दप्तर पाण्यात भिजून गेलेलं, शाळेच्या दाखल्यावर फक्त वडिलांचं नाव. माझ्या सातव्या पानावर शिवणयंत्राशी बसलेली बाई काकांची आई, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. तिचं नाव काकांनाही ठाऊक नव्हतं.

"आईचं नाव माहीत नसलेला माणूस पाहिलायस कधी?" काका हसत हसत विचारायचे. पण आवाज हसरा नसायचा.

एके दिवशी ताईनं मला खाली काढलं, पुसलं आणि चाळताना डिंक सुकलेला एक फोटो माझ्यातून गळून पडला. उलटा! पाठीवर लिहिलं होतं, 'मामा, नोकरीचा पहिला दिवस.' ताईनं ते दोनदा वाचलं.

"म्हणजे सगळ्यांवर लिहिलेलं होतं," ती म्हणाली, "आणि मी माझ्या हातानं ते बुजवलं!"

ती मला घेऊन एका बाइंडर बाईंकडे गेली. काकाही हट्टानं सोबत आले. बाईंनी सातवं पान उजेडात धरलं, बोटानं चाचपलं.

"डिंक फार मुरलाय. मोबाइलवर फोटोची प्रत काढून ठेवा. सोडवताना हा फाटू शकतो."

ताईनं प्रत काढली आणि काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "चेहरा मला पाठ आहे. तुम्ही सोडवा."

बाईंनी ओलसर टिपकागद ठेवला, वाट पाहिली आणि फोटोमागून बारीक दोरा करवतीसारखा पुढेमागे सरकवला. मला गुदगुल्या झाल्या आणि भीतीही वाटली. फोटो अख्खा सुटला. पण पाठीवर नुसता निळा डाग. डिंकात शाई फुटली होती.

"माझी चूक, काका," ताई रडू लागली.

मला ओरडावंसं वाटत होतं, अहो, माझ्याकडे बघा की! तेवढ्यात बाईंनी मला खिडकीकडे वळवलं आणि त्या थबकल्या. त्या दुपारच्या ओल्या डिंकानं शाई माझ्या पानावर ओढून घेतली होती. अक्षरं उलटी होती, पण एकूण एक शाबूत. बाईंनी भिंतीवरचा आरसा काढून समोर धरला.

त्यात नाव होतं, तीन अक्षरांचं. खाली लिहिलं होतं, 'बाळाचा झगा शिवताना.'

"बाळ म्हणजे मीच की," काका म्हणाले. त्यांनी ते नाव एकदा हळूच उच्चारलं, मग जरा मोठ्यानं. मग लहान मुलासारखं ताईकडे पाहून विचारलं, "बरोबर म्हणतोय ना गं मी?"

मित्रांनो, मी पडलो अल्बम, मला रडता येत नाही. एवढंच सांगतो, फोटो जपायचे तर डिंक लावू नका, आणि मागे मऊ पेन्सिलीनं नाव लिहायला विसरू नका. तुमच्या घरातही असे कितीतरी फोटो असतील, पाठ कोरी असलेले. त्यांतली माणसं ओळखणारं कुणीतरी आत्ता शेजारच्या खोलीत बसलेलं असेल. मला नंतर मिटा. आधी उठा आणि त्यांना विचारून या.