उजवीकडचा आवाज

टक्.

कपडे वाळत घालायच्या स्टँडवरून एक चिमटा फरशीवर पडला, आणि मी कानातला इअरफोन ओढून काढून तशीच बसून राहिले. घर गप्प. फ्रिजही नेमका त्याच वेळी गप्प झाला होता. मग आतल्या खोलीतून भुंगीचा श्वास ऐकू आला. आत, बाहेर. जरा खरखरीत, पण शिट्टी नाही. शिट्टी नाही म्हणजे ठीक.

भुंगी माझी लेक, चार वर्षांची. जागी असली की काही ना काही गुणगुणत घरभर फिरते, म्हणून भुंगी. थंडी सुरू झाली की तिची छाती भरते. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंय, "झोपेत शिट्टीसारखा आवाज आला की लगेच औषधाचा पंप द्यायचा. बघू, थांबू, असलं काही करायचं नाही." त्या बोलून मोकळ्या झाल्या, माझा उजवा कान मात्र तेव्हापासून तिच्या नावावर झालाय.

हे मी अगदी शब्दशः म्हणतेय. माझं टेबल स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्या मधल्या बोळात आहे. खोलीचं दार उजवीकडे. म्हणून इअरफोन फक्त डाव्या कानात, उजवा कान मोकळा. डाव्या कानाने नोकरी करायची, उजव्या कानाने आईपण. सासूबाईंना या दोन्हींतलं एकच काम पटतं.

काम असं की एका छोट्या इंटरनेट रेडिओवर दर शनिवारी नव्या बँडचा कार्यक्रम असतो, आणि त्यासाठी गाणी मी निवडते. तीही पॉप-पंक. म्हणजे तीन-चार सुरांची गिटार, पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा पळणारा ड्रम, आणि सगळ्या खोलीने एकत्र ओरडावं असं ध्रुवपद. विषय बहुतेक दुःखाचाच. गाव सोडून गेलेली मैत्रीण, नापास झालेली परीक्षा, घरच्यांशी भांडण. पण ते रडायचं उड्या मारत. एकदा सासूबाईंनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "रडायचंच तर बसून रडावं माणसानं. एवढी दमछाक कशाला?"

मला ती दमछाकच आवडते. आलेल्या गाण्यांच्या ढिगाच्या तळाशी जायचं, जिथे गाणं ऐकणारे कोण, तर बँडमधल्यांचे मित्र, एखादी मावशी आणि मी. गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलेली गाणी, मधेच गाडीचा हॉर्न. 'ओले मोजे' नावाची पोरं आहेत, त्यांचा गायक प्रत्येक गाण्याआधी घसा खाकरतो आणि तो खाकरा काढायचं कुणाच्या लक्षातच येत नाही. मी अशी गाणी भुंगी झोपलेली असताना ऐकते, आणि आपण निवडलेला बँड लोकांनी ऐकला की दिवसभर भांडी घासतानाही पाय ताल धरतात.

एक सवय आहे मला. नाकारलेल्या प्रत्येक बँडला मी दोन ओळी लिहिते. कुणीतरी हाक मारावी आणि पलीकडून चकार शब्द येऊ नये, हे मला बघवत नाही.

त्या दोन ओळींनीच आज घोळ घातला.

या वेळची निवड नेहमीसारखी नव्हती. निवडलेल्या बँडला एका मोठ्या बँडच्या आधी, खऱ्या सभागृहात, खऱ्या लोकांपुढे वाजवायला मिळणार होतं. शेवटी दोघं उरले, 'ओले मोजे' आणि 'उलटा स्वेटर'. 'उलटा स्वेटर'च्या गाण्यात एक मुलगी घराबाहेर पडता पडता आईवर ओरडते. 'मी चाललेय, दार लोटून घे, माझ्यासाठी जागू नकोस.' आवाज असा की ऐकताना आपलेच हातपाय सतरा वर्षांचे होतात. पण प्रत्येक ओळीनंतर एक विचित्र रिकामी जागा पडायची. नुसता ड्रम वाजायचा आणि पुढे काहीच नाही. शेवट तर कुणी मधेच कात्री चालवल्यासारखा. मी 'ओले मोजे' निवडले आणि तिला लिहिलं, "आवाज फार आवडला. पण ओळींमध्ये भोकं पडतात. हाक आहे, उत्तर नाही."

चिमटा पडला त्याच्या जरा आधी तिचं उत्तर आलं होतं.

"ताई, उत्तर आहे. उजवीकडे आहे. आम्ही मुद्दाम मला पूर्ण डावीकडे ठेवलं आणि तिला पूर्ण उजवीकडे, दाराच्या अलीकडे आणि पलीकडे असल्यासारखं. ती माझी खरी आई आहे. शिलाईचं दुकान बंद करून गॅरेजमध्ये आली होती, माइक बघून घामाघूम झाली. तुम्ही दोन्ही कानांनी ऐकलंत ना?"

मी ते दोनदा वाचलं. सहसा गाण्यातला आवाज मधोमध असतो, दोन्हीकडे सारखा. एका कानावर भागून जातं. माझंही इतके दिवस भागत आलं होतं. या पोरीने आईला एका बाजूला उभं केलं, आणि मी नेमकी तीच बाजू बंद ठेवली.

घड्याळ बघितलं. दादा संध्याकाळी स्टुडिओत जाणार, तिथून सभागृहवाल्यांना नाव कळवणार. दादा म्हणजे कार्यक्रमाचा निवेदक आणि मालक. त्याआधी मला गाणं पुन्हा ऐकायला हवं होतं. दोन्ही कानांनी.

उजवा इअरफोन डाव्या कानात घालून नुसतं उत्तर ऐकता आलं असतं, पण मग हाक गेली असती. ऐकायला असं कितीसं लागतं, तीन-सव्वातीन मिनिटं. पण सकाळपासून भुंगीच्या श्वासाला ती खरखर होती. स्पीकरवर लावावं, तर त्या ड्रमने शेजारचे उठतील, मग ती कशी झोपणार? नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कुठल्यातरी इमारतीच्या खड्ड्यात असणार, तिथे फोन लागत नाही. तरी लावून पाहिला. लागला नाही. वरच्या मजल्यावर जाऊन सासूबाईंना बोलवावं, तर त्या येतील, बसतील, आणि "आता दोन्ही कान गेले का गोंगाटाला?" हे वाक्य वर्षभर जपून वापरतील.

मी लॅपटॉप उचलला आणि खोलीत गेले. भुंगी पालथी झोपली होती, एक पाय पांघरुणाबाहेर. मी तिला अलगद कुशीवर वळवलं, पलंगाशी खाली बसले, तिच्या सदऱ्याखालून छातीवर तळहात ठेवला. आत, बाहेर. ऐकायचं नाही तर चाचपायचं. शिट्टी हाताला कळते का? कळत असावी. शिट्टी वाजते तेव्हा बरगड्या आत ओढल्या जातात, एवढं मी पाहिलेलं आहे.

तरी उजवा इअरफोन हातात धरून किती वेळ बसले, कोण जाणे. थंड पाण्यात पाय टाकावा तसा तो कानात घातला.

जग बंद झालं. फ्रिज नाही, रस्ता नाही, लेक नाही. फक्त तळहाताखाली ती ऊब, वरखाली.

गाणं सुरू झालं. डावीकडे मुलगी ओरडली, "मी चाललेय, दार लोटून घे!"

आणि उजवीकडे, अगदी माझ्या कानाशी, एक बाई म्हणाली, "किल्ली घेतलीस का?"

मी दचकून भुंगीकडे बघितलं. ती झोपलेली.

"जेवण झाकून ठेवू नकोस!"

"ठेवलंय. वरच्या कप्प्यात."

"तुला काही कळत नाही माझ्यातलं!"

"गळ्याला काहीतरी गुंडाळ."

त्या बाईला सूर नव्हता आणि तालही बेताचाच. आवाजात भीती सरळ दिसत होती, पाठ केलेलं विसरू नये म्हणून धडपडणाऱ्या माणसाची. पण प्रत्येक भोकात ती बरोबर येऊन उभी राहत होती. मला हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले, आणि तरी सगळा जीव त्या तळहातात. एकदा भुंगीचा श्वास थबकल्यासारखा वाटला. मी इअरफोनकडे हात नेला, तेवढ्यात तिने मोठा सुस्कारा सोडला आणि पुन्हा लय पकडली. ड्रमपेक्षा किती सावकाश.

शेवटी मुलीचा आवाज तुटतो. त्यालाच मी कात्री म्हटलं होतं. उजवीकडे गिटार थांबते आणि ती बाई एकटीच, बेसूर, मुलीचीच चाल गाते. "लोटून नाही घेतलं गं. उघडंच आहे." मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि कुणीतरी हळूच म्हणतं, "झालं ना? जमलं?"

मी दोन्ही इअरफोन काढले. भुंगीच्या छातीत खरखर होती, शिट्टी नव्हती. माझ्याच हाताला घाम आला होता.

बोळात येऊन दादाला फोन लावला.

"काय गं, पोरगी बरी ना?" हा त्याचा पहिला प्रश्न असतो. माणूस वाईट नाही.

"बरी आहे. दादा, नाव कळवलंस का?"

"आत्ता कळवतच होतो. का?"

"थांब. 'उलटा स्वेटर' दे. माझ्याकडून चूक झाली."

"सकाळी तर म्हणालीस, गाण्याला भोकं आहेत."

"भोकं माझ्या ऐकण्यात होती." आणि मग सांगितलं. एकच कान, दार उजवीकडे, सगळं. सांगणं मी लांबवत होते. कारण हे सांगून झाल्यावर तो काय विचारणार, ते मला माहीत होतं.

तो आधी हसला. "म्हणजे बाईसाहेब अर्ध्या तिकिटात पूर्ण सिनेमा बघत होत्या!" मग हसणं थांबलं. "थांब जरा. म्हणजे आजपर्यंतची सगळी गाणी तू अशीच ऐकलीस?"

मी खोलीच्या दाराकडे बघितलं.

"नाकारलेली पण?"

"बहुतेकांत आवाज मधोमधच असतो, दादा."

"बहुतेकांत." त्याने तो शब्द तसाच ठेवून दिला. पलीकडे त्याने गाणं लावल्याचं ऐकू आलं. ते त्याने शेवटपर्यंत वाजू दिलं. "आईगं," असं काहीतरी पुटपुटला, आणि त्याच्यासारख्या माणसाच्या तोंडून ते बरं वाटलं. "देतो. हेच देतो. 'ओले मोजे'वाल्यांना पुढच्या वेळी बघू, तोवर त्यांचा घसा तरी साफ होईल. पण ऐक. रागावून नाही सांगत."

"सांग."

"पोरं आयुष्य पणाला लावून पाठवतात गं. यापुढे दोन्ही कान. जमत नसेल तर तसं सांग, मी दुसरं कुणीतरी बघतो. वाईट वाटून घेऊ नकोस."

"जमवते," मी म्हणाले. कसं, ते त्याने विचारलं नाही आणि मलाही माहीत नव्हतं.

मुलीला कळवलं. तिने उत्तरात नुसती उद्गारचिन्हं पाठवली, एक ओळभर, आणि खाली, "आई विचारतेय, सभागृहात पण तिला गावं लागेल का? घाबरलीय." मी लिहिलं, "लागेल. उजवीकडे उभी करा."

तिथेच उठायला हवं होतं. कपडे घड्या करायचे होते, चिमटा अजून फरशीवर होता. पण डोक्यात मागच्या महिन्यांतले सगळे नाकारलेले बँड रांगेने येऊन उभे राहिले. त्यांच्या उजवीकडे कोण होतं? कुणाची बहीण, कुणाचा मित्र, कुणाची एकच चांगली गिटार? त्यांना मी काय काय लिहून बसले होते? या विचाराने इतकी गुदमरले की वाटलं, एकदाच, फक्त एकदाच ते गाणं ऐकावं. कामासाठी नाही. माझ्यासाठी. भुंगीला आत्ताच तपासलं होतं, श्वास ठीक होता.

लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि टेकून उभी राहिले. दोन्ही कानांत इअरफोन घातले. डोळे मिटले.

"किल्ली घेतलीस का?" ती बाई म्हणाली, आणि मीही ओठांतल्या ओठांत म्हणाले. पाय तालावर आपटायला लागले. कितीतरी दिवसांनी मी दोन्हीकडून भरलेली होते. ध्रुवपद आलं तेव्हा मी चक्क एक गिरकी घेतली.

गिरकी घेता घेता डोळे उघडले.

दारात भुंगी उभी. अनवाणी, सदरा खांद्यावरून घसरलेला, गालावर उशीची रेघ. तोंड हलत होतं, आवाज नव्हता.

मी इअरफोन इतक्या जोरात ओढले की वायर ओट्यावरच्या पेल्यात अडकून पेला आडवा झाला. गुडघ्यावर बसून तिच्या छातीला कान लावला. खरखर. शिट्टी नाही. परत ऐकलं. शिट्टी नाही. मी तिला घट्ट धरलं आणि ती अवघडून चुळबुळली.

"काय झालं माझ्या सोन्याला? स्वप्न पडलं?"

"नाही." ती माझ्या कानाकडे बघत होती. बोट पुढे करून तिने उजव्या कानाच्या पाळीला हात लावला, आत काही राहिलंय का ते बघितल्यासारखा. "मी हाक मारली. मोठ्ठी. पलंगावरून."

"मला ऐकू नाही आली गं, राणी."

तिने यावर नीट विचार केला. रागावली नव्हती. ओट्यावरून लोंबणाऱ्या इअरफोनमधून ते गाणं अजून बारीक, डासासारखं वाजत होतं. तिने त्याच्याकडे बघितलं, मग खोलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"मग ती हाक कुठे गेली, आई?"