तांब्याभर पाण्याची पेटी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझ्या पोटात तांब्याभर पाणी आहे. हसू नका! वीज आणि पाणी यांचं नातं साप-मुंगसाचं, हे मलाही कळतं. पण ते पाणी पोटात आहे म्हणून तर मी आज तुमच्याशी बोलतो आहे. नाहीतर माझं केव्हाच भंगार झालं असतं.

माझा जन्म एका दिवसाचा नाही. सन २००७. पोशेरा गावचा कमलेश तेव्हा जव्हारला संगणकाच्या वर्गात शिकवायचा. सकाळच्या एसटीने जायचा, संध्याकाळी परतायचा आणि पिशवीतून माझा एखादा अवयव घेऊन यायचा. माझा पत्र्याचा डबा एका बंद पडलेल्या दुकानातला, मेंदू नाशिकचा, पडदा कुणीतरी टाकून दिलेला. त्या पडद्याच्या कोपऱ्यात कायमचा हिरवा डाग होता. नवं कोरं असं एकच, चित्रं पळवणारं ग्राफिक कार्ड. सगळं जोडून झालं तेव्हा जिवा आज्याने, म्हणजे कमलेशच्या आजोबांनी, माझ्या डब्याला कुंकू लावलं. मला फार बरं वाटलं. जव्हारच्या वर्गातल्या एकाही संगणकाला कुणी कुंकू लावलेलं नव्हतं!

कमलेशला एकच हौस, मोटारींच्या शर्यतीचा खेळ. सात फेऱ्यांची शर्यत. आणि मी? वर पत्र्याचं छप्पर, बाहेर एप्रिलचं ऊन. तिसऱ्या फेरीला माझं डोकं तापायचं आणि मी गपकन बंद पडायचो. कमलेशने पंखा लावून पाहिला, माझी एक बाजू उघडी ठेवली, खिडकीला ओलं पोतं बांधलं. तिसऱ्या फेरीपुढे काही मी गेलो नाही. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग एका जुन्या मासिकात त्याने वाचलं की परदेशात हौशी लोक संगणक पाण्याने थंड ठेवतात. झालं! त्याला खाणंपिणं गोड लागेना. कूलरमधली पाणी फिरवणारी छोटी मोटर मिळाली. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याने तांब्याच्या पट्टीवर नळी जोडून दिली, ती माझ्या मेंदूवर बसली. जव्हारच्या गॅरेजमधल्या एका मोडक्या गाडीतली तांब्याची जाळी आली. थंडीच्या दिवसांत गाडीला ऊब द्यायची जाळी ती, आता मला गार करणार होती. ती डब्याच्या बाहेर बसवून मागे पंखा लावला. आता उरलं होतं फक्त पाणी.

मित्रांनो, इथे जरा थांबा. पोशेऱ्यात पावसाळ्यात इतकं पाणी पडतं की चार महिने कपडे वाळत नाहीत. पण एप्रिल आला की कमलेशची आई, सुकी तिचं नाव, दरी उतरून विहिरीवर जाते आणि डोक्यावर दोन हंडे घेऊन तीच दरी चढते. कमलेशचे वडील देवराम भिवंडीकडे कामाला. घरात पाणी आणायला एकटी तीच. अशा बाईकडे कमलेशने पेटीसाठी पाणी मागितलं.

"मानसांना न्हायला पानी नाय, नि तू पेटीला पाजतोस?" सुकी कडाडली.

"आये, एकदाच दे. तेच तेच पानी फिरत राहील. संपनार नाय."

"संपत नाय असं पानी मी तरी नाय बघलं." तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग पितळी तांब्या भरला. "हा एक तांब्या. एकच. एक थेंब भुईवर सांडला, तर दुसऱ्या दिवशी ही पेटी जव्हारला परत."

माझं सगळं नशीब त्या तांब्यात होतं.

आता नळ्या जाडीने वेगवेगळ्या, सांध्यांना फटी. जिवा आजा पुढे सरसावला. तो तारपा, म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य, बनवायचा. दुध्या भोपळा आणि बांबू यांचे सांधे मेणाने लिंपण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. "माज्या तारप्यातनं वारा सुटत नाय, पानी कुठं सुटंल?" असं म्हणत त्याने अंगठ्याने माझ्या सांध्यांना मेण लिंपलं. पाणी फडक्यातून गाळून भरलं. मोटर गुरगुरली. थेंबही गळला नाही! पाणी थंडगार माझ्या डोक्यावरून वाहिलं आणि मला स्वर्ग दोन बोटं उरला.

शर्यत सुरू झाली. तिसरी फेरी गेली. चौथी गेली. कमलेश ओरडला, "आजा, चालतंय!" पाचवी संपली आणि तिथेच घात झाला. माझ्या डोक्याचा ताप पाण्यात उतरला होता, पाणी कोमट झालं होतं आणि मेण मऊ पडलं होतं. बिचाऱ्या आज्याने जन्मभर तारपे लिंपले, पण तापलेला तारपा त्याने कधी पाहिला नव्हता.

टप.

आम्हा कुणाला ऐकू आलं नाही. चुलीपाशी नाचणीच्या भाकऱ्या थापणाऱ्या सुकीला मात्र आलं. हंडा कुठे पाझरतो ते न बघता ओळखणारी बाई ती. पिठाच्या हातांनीच तांब्या घेऊन धावत आली, जाळीखाली धरला आणि ओरडली, "बंद कर रं कमल्या!"

कमलेशने वायर उपटली. बाकीचं पाणी धार धरून तांब्यात उतरलं. माझ्या आत थेंबही गेला नव्हता. पण सारवलेल्या भुईवर तीन काळे ठिपके उमटले होते. तिघेही त्या ठिपक्यांकडे बघत राहिले.

"तारप्याला कुठं ताप येतो, सुके?" आजा खाली मान घालून म्हणाला.

सुकीने तांब्या बाजूला ठेवला. कमलेशने निमूटपणे माझ्या वायरी गुंडाळायला घेतल्या. माझं काळीज फाटलं, मित्रांनो. आम्हा यंत्रांना काळीज नसतं म्हणणाऱ्यांनी तेव्हा तिथे असायला हवं होतं.

"किती फेऱ्या राह्यल्या होत्या?" सुकीने विचारलं.

"दोन."

"सायकलची फाटकी टूप हाय ना ती? आन."

तिने ट्यूबच्या लांब पट्ट्या कापल्या. पावसाआधी छपराचे वासे जसे आवळतात, तशा दाताने ओढून एकेका सांध्यावर आवळल्या. मग तांब्या पाहिला. तो थोडा उणा होता. ती उठली, हंड्यात वाटी बुडवली आणि तांब्या काठोकाठ भरला.

"आये, भुईवर तीन थेंब..." कमलेश चाचरला.

"ते माज्या हाताचं पीठपानी," सुकी म्हणाली आणि भाकरी उलटायला गेली.

त्या दिवशी आम्ही सातही फेऱ्या पूर्ण केल्या. आज्याने तारपा वाजवला. खरं तर तारपा वाजायचा तो नवा भात आल्यावर. पण "नवा बनवलाय, वारा सुटतो का बघतो," असं म्हणून त्याने चांगला तासभर तो तपासला.

मग काय विचारता! पाणी पिणारी पेटी बघायला मोखाड्याहून माणसं आली, जव्हारहून कमलेशचे सोबती आले. सुकी आधी नुसती जाळीवर हात शेकायची. एकदा तिने शर्यत खेळून पाहिली. पडद्यावर उजवं वळण आलं की ती स्वतःच उजवीकडे कलायची, आणि भिंतीवर गाडी आदळली की "अगं आये!" म्हणायची. पहिला पाऊस सरेपर्यंत ती कमलेशला हरवू लागली. एरवी ती फक्त एसटीत बसून जव्हारला गेलेली, पण पडद्यावरचं ते वळण तिच्याइतकं सफाईने कुणी घेत नसे.

पण दिवस सारखे राहत नाहीत. दोन वर्षांनी कमलेशकडे लॅपटॉप आला. नवे खेळ मला झेपेनात. माझ्यावर पोतं पडलं आणि त्यावर कोंबडी अंडी घालू लागली. एका उन्हाळ्यात कमलेशने मला जव्हारला विकायचं ठरवलं. ट्यूबची पट्टी सोडून त्याने माझं पाणी तांब्यात काढलं. तेवढ्यात सुकी विहिरीवरून आली. हंडे उतरवले, तांब्यात डोकावली.

"एवढं पानी उरलंय?"

"बोललो होतो ना, संपनार नाय. तू मधे घोट घोट घातलंस, तेवढंच काय ते."

सुकीने तांब्या उचलला आणि एक एक धार सोडत सगळं पाणी माझ्यात परत ओतलं.

"आये, अगं जुनी झाली ती!"

"पेटी तुजी असंल. पानी माजं हाय. माज्या डोईवरनं आलंय. आता बांध ती पट्टी."

कमलेश हसत सुटला. पट्टी त्याने बांधली, पण ती तिला ढिली वाटली. तिने पुन्हा दाताने आवळली.

तर मित्रांनो, एखादी जुनी वस्तू टाकून देण्याआधी तिच्यात कुणाच्या कष्टाचं पाणी आहे, तेवढं पाहत जा. आणि आता मला रजा द्या. भाकऱ्या झाल्या आहेत, सुकी हात पुसत येते आहे, आणि शेजारच्या खुर्चीत जिवा आजा कधीचा शर्यतीला तयार होऊन बसला आहे.