आईनं वर बघितलं तेव्हा

नवं यंत्र आलं की आपण आधी त्याच्या पाया पडतो, मंडळी. आपला हा एडिटरही त्यातलाच. एक जुना काळापांढरा सिनेमा एआयकडून नवा करून द्यायचं काम त्यानं घेतलं होतं. रंग नवे, आभाळ नवं, शेवटसुद्धा गोड! सिनेमाच्या मालकानं बजावलं होतं, "संध्याकाळी पाठव. यापुढे हाच दाखवायचा, जुना बंद."

त्याच सिनेमात त्याच्या आईचा दीड मिनिटाचा सीन होता. नळावरून पाणी नेणारी बाई.

आईला यंत्राचा पहिल्यापासून संशय. खुर्ची ओढून ती पडद्याला नाक लावून बसली.

"ही मी नाही."

"अगं, तूच आहेस! फक्त साफ केलीये."

"साफ? मी काय पातेलं आहे? आणि मी मध्येच वर बघते, ते कुठं गेलं?"

"ती चूक होती, आई. थेट कॅमेऱ्यात बघत होतीस. एआयनं आपणहून काढून टाकली."

आईनं खुर्ची त्याच्याकडे वळवली. ही बाई अशी वळली की घाबरावं.

"शहाण्या, मी बादली घेऊन पुढं येत होते आणि कॅमेऱ्याची ट्रॉली ओढत एक हडकुळा गडी उलटा चालत होता. त्याच्या पायामागं लोखंडी पेटी! टेक चालू, ओरडायची सोय नाही. म्हणून डोळे वटारले. तो थांबला, वाचला. दिग्दर्शकानं शिव्या घातल्या, पण सीन ठेवला."

"कोण गडी?"

"तुझा बाप!"

एडिटरनं जुना सीन पुन्हा लावून बघितला. बाप पडद्यावर कधी आलाच नाही. होता तो एवढ्या एका नजरेत. आणि तीच आपण पुसली!

"यंत्राला काय ठाऊक, समोर कोण होतं?" आई म्हणाली. "पण तुला विचारता आलं असतं. मी स्वयंपाकघरातच होते की!"

त्यानं मालकाला फोन लावला. "आईची नजर परत घालतोय. सुरुवातीला पाटी लागेल, हे यंत्रानं केलेलं रूप आहे म्हणून. आणि जुना बंद होणार असेल, तर हे काम दुसऱ्याला द्या."

मालक तणतणला, फोन आपटला. तासाभरानं त्याचाच फोन आला. "बरं, दोन्ही ठेवू. गोड शेवट चालेल का, ते आईला विचार."

मंडळी, यंत्र वापरा, नाही कोण म्हणतो? पण जुन्यातली चूक पुसण्याआधी ती कुणाची होती, ते विचारा. सांगणारं माणूस अजून घरात असेल.

आईनं मात्र खुर्ची सोडली नाही.

"पाठवायच्या आधी पुन्हा दाखव. त्या यंत्राचा काही भरवसा नाही... आणि तुझाही!"