सातवा नियम

हॅलव्हर्सन मॅडमनी वर्गातले दिवे मालवले आणि पडद्यावर एक पत्र आलं. पाठवणाऱ्याचं नाव काळ्या पट्टीनं झाकलेलं होतं. तिसऱ्या रांगेतल्या डेसा कोकरनं ते पहिल्या ओळीलाच ओळखलं. रविवारी तिनंच ते पाठवलं होतं.

"मॅडम, मंगळवारी माझा भाऊ गेला. अंत्यविधी केला नाही, पेपरात बातमीही दिलेली नाही. निबंधाला चार दिवस मिळाले तर उपकार होतील."

सत्राच्या पहिल्याच दिवशी मॅडमनी नऊ पानी नियमावली वाटून प्रत्येकाची सही घेतली होती. सातवा नियम असा, की उशिरा आलेल्या निबंधाला शून्य. घरात मृत्यू झाला असेल तर पेपरातली बातमी किंवा अंत्यविधीची छापील पत्रिका जोडावी, मग आठवडा मिळेल. आता केंटकीतल्या आमच्या या खोऱ्यात नशेच्या गोळ्यांनी आणि सुईनं जाणाऱ्यांची बातमी कुणी छापत नाही. घरचे गुपचूप राख घेऊन येतात आणि शेजारी काही न विचारता जेवण ठेवून जातात. मॅडम मूळच्या मिनेसोटाच्या, पण इथे शिकवायला लागून त्यांना अकरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांना हे कळलं नाही, की त्यांनी कळून घेतलं नाही? मला विचाराल तर दुसरंच.

या निबंधात शून्य पडलं की डेसाची नर्सिंगच्या अभ्यासक्रमातली जागा जाणार होती. त्या जागेसाठी ती दोन वर्षं थांबली होती.

"चिकित्सक विचार म्हणजे काय, ते आज प्रत्यक्ष करून बघू," मॅडम म्हणाल्या. "दावा कोणता? पुरावा कुठाय? करा चिरफाड."

ब्रॉडी केंड्रिक वाटच बघत होता.

"मॅडम, गेल्या सत्रात माझी आजी वारली, तेव्हा मी व्यवस्थित पत्रिका आणून दिली होती. याला तेवढंही जमलं नाही?"

वर्ग खो खो हसला. ब्रॉडीची आजी कॉलेजसमोरच्या हॉटेलात रोज सकाळी अंडी तळते, हे मॅडम सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"भाऊ मेला आणि अंत्यविधी नाही?" मागून एक मुलगी म्हणाली. "आमचा कुत्रा गेला तेव्हासुद्धा आम्ही प्रार्थना केली होती!"

तीन-चार जणांना पत्राचा अर्थ बरोबर कळला होता. ते वहीत डोकं घालून बसले.

"डेसा, तू गप्प का? सहभागाचे गुण तुझे आधीच कमी आहेत."

डेसानं स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढल्या.

"दावा कच्चा आहे," ती म्हणाली. "भावाचं नाव नाही, वय नाही. कशानं गेला तेही नाही. लिहिणाऱ्याला काहीतरी लपवायचंय."

"छान. आणखी?"

"चारच दिवस मागितलेत. सख्खा भाऊ गेलेलं माणूस चार दिवस मागत नाही."

कुणीतरी शीळ घातली. मॅडमनी स्वतः टाळी वाजवली आणि तिच्या नावापुढे पाचपैकी पाच लिहिले.

तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं.

"राग नाही ना आला? नाव झाकलं होतं मी. आणि बघ, मनावर घेतलंस तर किती नेमकं बोलतेस तू."

"मग निबंधाचं, मॅडम?"

"शून्य. नियम म्हणजे नियम. आणि आत्ता तूच तर सिद्ध केलंस." मॅडमनी कागद गोळा केले. "हवं तर शुक्रवारपर्यंत मृत्यूचा दाखला आण, मग विचार करीन."

दाखल्यावर मरणाचं कारण छापलेलं असतं. डेसाच्या आईनं ते अजून सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

"नको," डेसा म्हणाली.

बाहेर ब्रॉडी भिंतीला टेकून उभा होता.

"ए डेसा, कसला सोलून काढलास त्याला! कोण असेल गं तो?"

डेसानं दप्तर खांद्यावर घेतलं.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "पण भाऊ नव्हताच त्याला."