एका मुलीसाठी तीन नवस

मी एक जुना कोंबडा आहे. मी आरवत नाही आणि दाणेही टिपत नाही, कारण मी सिमेंटचा आहे. मित्रांनो, लगेच हसू नका. थाई मुलखातल्या रोइ-एत प्रांतातल्या आमच्या गावाबाहेर चिंचेच्या झाडाखाली गाव राखणाऱ्या आजोबांचे, म्हणजे आमच्या ग्रामदेवाचे, ठाणे आहे. कुणाचा नवस फळला की तो आजोबांना एक कोंबडा आणून देतो. असे शे-दीडशे कोंबडे आम्ही इथे दाटीवाटीने उभे आहोत. आजोबांना एवढे कोंबडे कशाला लागतात, हे मला इतक्या वर्षांत कळलेले नाही.

माझा जन्म महामार्गालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. साच्यात सिमेंट ओतले, उन्हात वाळवले आणि रंगवायला एका बाईसमोर ठेवले. तुरा लाल, शेपूट काळीभोर, पाय पिवळेधमक. डोळ्यांपर्यंत आली तेव्हा बाईला घरी जायची घाई झाली होती. त्यामुळे माझा उजवा डोळा आजोबांकडे बघतो आणि डावा फाटकाकडे. या तिरळेपणाचा मला पुढे फार उपयोग झाला. कोण आले आणि आजोबांना काय म्हणाले, हे दोन्ही मला कळते.

मला इथे आणले लम्दुआनने. तेव्हा ती विशीतली पोरगी होती. फिनलंडच्या जंगलात बेरी वेचायला जायचा व्हिसा मिळू दे, असा तिचा नवस होता. तो मिळाला. तिने मला अगदी पहिल्या रांगेत ठेवले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "काय रुबाब आहे रे तुझा!" ती गेली, तिकडेच लग्न करून राहिली. माझे मात्र हळूहळू हाल सुरू झाले. लोक माझ्यापुढे माझ्या दुप्पट उंचीचे कोंबडे आणून ठेवू लागले. ऊनपावसाने रंग उडाला. पंखाखाली मुंग्यांनी वारूळ केले. उदबत्त्यांची राख पडून पडून मी कोंबडा आहे की चुलीचा दगड, तेही ओळखू येईना. सोळा-सतरा वर्षांत माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिले नाही.

आणि तीन वर्षांपूर्वी लम्दुआन परत आली. नवऱ्याशी फारकत झाली होती. सोबत पंधरा वर्षांची मुलगी होती, इम. तिकडे जन्मलेली, तिकडे वाढलेली. आईशी बोलून बोलून बोली पक्की झालेली, पण थाई अक्षर वाचायला गेली की घाम फुटायचा. म्हणून आईने तिला घरबसल्या इंग्रजीतून परीक्षा द्यायला लावल्या. त्या पार पडल्या आणि मग विद्यापीठाचा प्रश्न आला. मित्रांनो, तेव्हापासून माझ्या डोक्याला जो ताप झाला, तो सिमेंटच्या डोक्याला झेपणारा नव्हता.

पहिली आली लम्दुआन. आमच्याकडे नवस बोलताना नाव, गाव, घर क्रमांक, काय हवे आणि काय देणार, सगळे मोठ्याने सांगावे लागते, नाहीतर आजोबांचा घोटाळा होतो म्हणतात. तिने गुडघे टेकून उदबत्त्या लावल्या.

"आजोबा, माझ्या इमला बँकॉकला इंग्रजीतून शिकवतात तिथे प्रवेश मिळू दे. व्यवसाय शिकू दे तिला. सहामाहीला लाख बाहत मागतात, पण मी माझ्या वाटणीचं शेत विकीन. ताईला सांगू नका. तुम्हाला दोन टोपल्या उकडलेली अंडी देईन."

ताई म्हणजे सायरुंग, तिची मोठी बहीण. त्याच शेतात सायरुंगच्या कोंबड्या चरतात आणि त्याच शेतावर दोघींचे घर चालते. आता सांगा, हे ऐकून मी गप्प कसा राहणार? पण राहिलो. चोच सिमेंटची.

आठवडाभरात सायरुंगही आली. फाटकापुढे एक मोठा खड्डा आहे. तिची जुनी पिकअप त्यात नेमाने आदळते आणि ती नेमाने ओरडते, "मेल्या खड्ड्या, तुझं पोट कधी भरणार आहे की नाही?" मग आत येऊन ती हात जोडते. यावेळी म्हणाली, "आजोबा, पोरीला तालुक्याच्या शिक्षक कॉलेजात लावा. फी थोडकी. सरकारी मास्तरीण झाली की तिच्या आईला म्हातारपणी दवाखाना फुकट. धाकटीला, दुआनला, यातलं काही बोलू नका, ती लगेच फुगते. या सगळ्यांहून मोठा कोंबडा आणीन."

आमच्यात आणखी एक मोठा! मी खट्टू झालो, पण माझ्या मताला विचारतो कोण? बरे, या दोघी एकाच घरात राहतात. एकाच ताटलीतला चिकट भात बोटांनी तोडून खातात. समोरासमोर मात्र "तू म्हणशील तसं, ताई" आणि "तुझी मुलगी, तुझा निर्णय" असे गोड गोड बोलतात. मनातले बोलायला पिकअप काढून आजोबांकडे येतात. मला असा राग यायचा की वाटायचे, एकदा तरी जोरात आरवावे आणि सगळ्या गावाला सांगून टाकावे.

इम एकटीच, सायकलवर यायची. तिला उदबत्ती लावायची सवय नव्हती. ती सरळ माझ्या शेजारी चौथऱ्यावर बसायची आणि समोरच्या सूचनेच्या फलकाकडे बघत राहायची. गावसमितीने तो फलक मागच्या वर्षी लावला. मला अक्षर येत नाही, त्यामुळे त्यावर काय आहे ते मला ठाऊक नव्हते.

"शब्दांमध्ये जागाच सोडत नाहीत ही माणसं," ती चिडून म्हणायची. "कुठे श्वास घ्यायचा तेच कळत नाही!" मग बोट पुढे करून एकेक अक्षर सोडवायची. पहिल्या दिवशी 'सूचना' एवढेच निघाले. पुढच्या खेपेला 'जुने पुतळे'. नंतर 'रंग'. मी एकदम ताठ झालो. जुने पुतळे, रंग! म्हणजे समिती आम्हाला नवा रंग देणार तर! त्या रात्री मी किती खूष होतो, काय सांगू.

ठाण्याची राखण करणारे थोंगबाय काका अंडी आणि उदबत्त्या विकतात. ते तिला चिडवायचे, "काय गं, फिनलंडच्या राजकन्ये, आज किती अक्षरं खाल्लीस?"

"चार ओळी, काका. पण त्यातली दीड ओळ पचली नाही."

"मग ये उद्या. फलक कुठे पळून जात नाही."

एक दिवस काका जेवायला गेले असताना तिने इकडेतिकडे पाहिले आणि आजोबांना हळूच म्हणाली, "मी इम. घर नंबर बावीस. मला शेजारच्या प्रांतातल्या सरकारी विद्यापीठात कोंबड्या-बदकांचं शास्त्र शिकायचंय. तिथे फी आईच्या बँकॉकवाल्या कॉलेजाच्या सहाव्या हिश्शाएवढी आहे. पण सगळं थाईतून आहे. आई म्हणेल, तुला जमणार नाही. हा फलक मला न अडखळता वाचता येऊ दे. मग मी तिला सांगेन. काय देऊ ते मला माहीत नाही. लाल सोड्याची बाटली चालेल?"

कोंबड्यांचे शास्त्र! मित्रांनो, माझ्या उडालेल्या रंगाच्या तुऱ्यात पुन्हा रक्त आल्यासारखे वाटले. पण लगेच संतापही आला. अगं वेडे, तूही आजोबांनाच सांगितलेस? घरी दोन हातांवर बसलेली आई आहे, तिला सांग की!

आईने आणि मावशीने एकमेकींना न सांगता इमकडून एकेक अर्ज भरून घेतला होता, तिसरा तिने गुपचूप स्वतःच भरला. फेब्रुवारीत निकाल लागला. आजोबांनी काय केले असेल? तिन्ही ठिकाणी प्रवेश देऊन टाकला. जागा मात्र एकच पक्की करता येते, आणि तीही ठरलेल्या दिवसाच्या आत, आपल्या हाताने, फोनवरून. त्या शेवटच्या दिवशी सकाळी लम्दुआन दोन टोपल्या अंडी घेऊन आली. इमला तिने काही न सांगता सोबत आणले होते. अंडी मांडून होतात न होतात तोच फाटकाशी धाडकन आवाज झाला आणि "मेल्या खड्ड्या!" ऐकू आले. सायरुंग पिकअपच्या हौद्यातून माणसाएवढा नवा कोरा कोंबडा उतरवून घेत होती.

दोघी समोरासमोर आल्या आणि जागीच थिजल्या.

"ताई, तू कुठला नवस फेडतेयस?"

"तू कुठला फेडतेयस ते आधी सांग!"

थोंगबाय काकांना हसू आवरेना. "आजोबांनी कुणालाच नाराज केलं नाही बघा. आता बसा निस्तरत."

मग दोघींचे नवस उघडे पडले आणि जे भांडण जुंपले, ते वीस वर्षांचे साठलेले होते. "माझ्या पाठीमागे शेत विकायला निघालीस? माझ्या कोंबड्या काय तुझ्या बँकॉकच्या वर्गात चरणार?" "आणि तू? माझ्या मुलीला मास्तरीण करून माझा दवाखाना फुकट करायला निघालीस! मी मेलेय का?" "मेली नाहीस म्हणूनच दवाखाना लागणार ना!" एक टोपली लाथेने उलटली आणि अंडी घरंगळत माझ्या पायाशी आली.

"मला यातलं काहीच नकोय," इम म्हणाली. ती ओरडली नाही, तरी दोघी गप्प झाल्या. तिने शेजारच्या प्रांताचे नाव सांगितले आणि कोंबड्या-बदकांचेही सांगितले.

लम्दुआन तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "थाईतून? अगं, चार वर्षं जाडजूड पुस्तकं वाचायची. तुला साधी बसवरची पाटी वाचता येत नाही!"

इम वळली. फलकाकडे बघत तिने श्वास घेतला आणि वाचू लागली. बोट पुढे केले नाही, की कुठे अडखळली नाही.

"सूचना. ठाण्यात जागा उरलेली नाही. रंग उडालेले आणि चिरा पडलेले जुने पुतळे इथे ठेवू नयेत. सोंगक्रान सणानंतर असे सर्व पुतळे काढून फोडण्यात येतील आणि तो चुरा फाटकापुढचा खड्डा भरण्यासाठी वापरला जाईल. आजोबांची परवानगी घेतलेली आहे. आपली, गावसमिती."

मित्रांनो, तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आले. काकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी उभ्या उभ्या पुन्हा सिमेंटचा झालो. नवा रंग म्हणून मी ज्या ओळीवर वर्षभर जगलो, ती ओळ ही होती. तिच्या आयुष्यातले पहिले सरळ थाई वाचन माझ्या फोडण्याचे निघाले. राग कुणावर काढायचा? तिने किती छान वाचले होते!

"कधी शिकलीस?" आईने विचारले.

"इथेच. या तिरळ्या कोंबड्याशेजारी बसून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मला विचारलंस का? तू आजोबांना विचारलंस. मग मीपण त्यांनाच सांगितलं."

लम्दुआनने उलटलेली टोपली सरळ केली. मग हळू आवाजात म्हणाली, "मी तुला तुझ्या घरातून उचलून इथे आणलं, इम. निदान इंग्रजी तरी तुझ्याजवळ राहावी. उद्या तुला परत जावंसं वाटलं तर दार उघडं असावं, म्हणून शेत विकत होते."

"ते दार तू माझ्यासाठी उघडं ठेवतेयस," इम म्हणाली, "पण मी इथे आत आलेय, आई. मला परत जायचं नाही."

आई वाकली. तिने घरंगळलेले एक अंडे उचलले, माझ्याच पाठीवर आपटून फोडले, सोलले आणि मुलीच्या हातात दिले. इमने अर्धे खाल्ले, अर्धे मावशीला दिले. मग फोन काढून तिने जागा पक्की केली. सायरुंग अंडे चावता चावता म्हणाली, "आता माझ्या या मोठ्या कोंबड्याचं काय? कबूल केलं ते द्यायलाच हवं." तो ठोंब्या त्यांनी माझ्या बरोबर पुढे ठेवला. माझा डावा डोळा झाकला गेला. आता फाटक दिसत नाही.

सोंगक्रान कालच संपला. लोकांनी एकमेकांवर पाणी उडवले, थोडे माझ्यावरही उडाले आणि बऱ्याच वर्षांनी राख धुऊन निघाली. उद्या घण घेऊन माणसे येणार आहेत. मित्रांनो, नवस बोलायचा तर खुशाल बोला. पण जे आजोबांना सांगता, ते आधी घरी ताटावर बसून सांगा. आणि नवस फळला की ज्याला आणून ठेवता, त्याला वर्षातून एकदा तरी पुसून जा. त्याचा रंग काही आपोआप उडत नाही.

जूनमध्ये इम विद्यापीठात निघेल. निघण्यापूर्वी तिघी सायरुंगच्या पिकअपमधून आजोबांना सांगायला येतील. फाटकापाशी सायरुंग सवयीने दात आवळून स्टिअरिंग घट्ट धरील आणि ओरडायला तोंड उघडील. गाडी आदळणार नाही. इमच्या मांडीवरची लाल सोड्याची बाटली हलणारसुद्धा नाही. खाली मी असेन.